परतूरच्या बाजारातला वायसर

एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही नसते. केंद्रीय वित्त सचिवांची असते. कायद्याच्या हिशेबात ही नोट नोटच नाही, ती नाण्यांत धरली जाते. जिल्हा वार्ताहराला असली माहिती सहसा लागत नाही. त्याला सरकीचा भाव लागतो, धरणाची पातळी लागते, जिल्हा परिषदेत कोण कोणावर नाराज आहे ते लागते. मला ही माहिती शोधावी लागली ती परतूरच्या एका चहाच्या हॉटेलमुळे. माणसांची नावे बदलून लिहितो आहे, कारण त्यांतली बहुतेक अजून त्याच रस्त्यावर बसतात आणि दिवाळी अंक परतूरलाही जातात.

आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात. स्टेशनकडून मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या घाऊक बाजारात, जाणाऱ्या रस्त्यावर हमीदभाईंचे हॉटेल होते: वर पत्रा, बसायला बाकडी, आत एक पडदा. पातेल्यावर हमीदभाई आणि गल्ल्यावर त्यांच्या पत्नी, जैबुनभाभी. गिऱ्हाईक म्हणजे मोंढ्यातले हमाल, कापूस घेऊन आलेले शेतकरी, पॅसेंजर गाडीने जालन्याच्या एमआयडीसीत जाणारे कामगार. मी वर्तमानपत्राच्या जालन्याच्या कार्यालयात होतो. परतूरला काम निघाले की गाडीतून उतरून पहिल्यांदा तिथेच जात असे. तालुक्यात काय चालले आहे हे तहसील कचेरीत दुपारनंतर कळायचे, हमीदभाईंच्या बाकड्यावर सकाळीच.

त्या दिवसांत मराठवाड्यात दहा रुपयांचे नाणे चालत नव्हते. ते बंद झाले नव्हते, खोटे नव्हते, कोणी मनाई केली नव्हती. त्यातला एक प्रकार नकली आहे अशी अफवा उठली होती. नेमका कोणता, यावर एकमत होईना, म्हणून लोकांनी सगळेच प्रकार घेणे सोडले. मी यावर बातमी केली होती. परतूरचा दुकानदार म्हणाला, जालन्यात घेत नाहीत म्हणून मी घेत नाही. जालन्याचा ठोक व्यापारी म्हणाला, वर छत्रपती संभाजीनगरात घेत नाहीत. तिथल्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आम्ही घेतो हो, पण तुमच्या जालन्याचे लोक परत घेत नाहीत." रिझर्व्ह बँकेने सगळी नाणी वैध असल्याचे वारंवार सांगितले होते. एका बँकेत तशी सूचना भिंतीला चिकटवलेली होती. सूचनेखाली बसलेला रोखपाल मला म्हणाला, "साहेब, नियमानं घ्यायलाच पाहिजे. पण माझ्या घरी दूधवाला घेत नाही."

पाचाचे नाणेही तेव्हा दिसेनासे झाले होते. हमीदभाईंचा चहा पाच रुपयांना. गिऱ्हाईक दहाची नोट देई, पाच परत द्यायला नसत. इतर दुकानदार चॉकलेट देऊन मोकळे होत. जैबुनभाभींना ते मान्य नव्हते. घरी त्या उर्दूच बोलत आणि गल्ल्यावरही तीच. "हमाल लोगां क्या छोटे बच्चे हैं? चाकलेट क्या देना उनको," असे त्या म्हणाल्या आणि चहापत्तीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून द्यायला लागल्या. एक पुठ्ठा म्हणजे पुढच्या वेळचा एक चहा. पण हमालाच्या खिशात घामाने पुठ्ठ्याचा लगदा व्हायचा आणि मग तो पुठ्ठा भाभींचा की आणखी कशाचा, यावर वाद व्हायचा.

मार्ग मिलिंद साळवेने काढला. मिलिंद भीमनगरात राहणारा, जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर. रोजचा गाडीने जाणारा.

"चाचा, पुठ्ठे कशाला कापून राह्यले? लोखंडाचा वायसर घ्या. भिजत न्हाई, फाटत न्हाई, पडला तर वाजतो."

"कोन्ताबी वायसर आनून देईल कुनी. बाजारात वायसर काय कमी हायेत?" हमीदभाई म्हणाले.

"त्यावर मी पंच मारून देतो ना."

मिलिंदने जालन्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून वायसर, म्हणजे नटाखाली बसवायच्या भोकाच्या लोखंडी चकत्या, विकत घेतले आणि प्रत्येकावर हातोडीने इंग्रजी एच अक्षराचा पंच मारला. एचची एक तंगडी थोडी तिरपी यायची, कारण तो पंचच झिजलेला होता. पुढे ती तिरपी तंगडी हीच खरेपणाची खूण ठरली. भाभींनी वायसर तारेत ओवून खिळ्याला टांगले. नियम एकच आणि तोंडी होता. त्या प्रत्येकाला वायसर हातात देताना सांगत: "पैसे नहीं मिलते इसके. चाय मिलती."

पुढे जे झाले ते कोणी ठरवून केले नाही. एका हमालाने दाढीच्या पैशांत वायसर दिला. न्हाव्याने तो घेतला, कारण त्यालाही चहा हमीदभाईंकडेच प्यायचा होता. न्हाव्याने पानवाल्याला दिला. मी एकदा दाढी करायला बसलो तेव्हा न्हाव्याच्या फळीवर दहाची तीन-चार नाणी धूळ खात पडलेली पाहिली आणि शेजारच्या वाटीत एचचे वायसर. "ही कोणी घेईना झालंय, आन् ह्ये कोणी सोडंना झालंय," तो म्हणाला. दर्ग्याच्या पेटीत वायसर निघाला. बुद्धविहाराच्या दानपेटीतही निघाला. दोन्हीकडच्या मंडळींनी ते हमीदभाईंकडे आणून चहा प्याला.

सगळ्यात जास्त वायसर जमायचे बंडूशेठकडे. बंडूशेठचे मोंढ्यात घाऊक किराण्याचे दुकान. ते आणि हमीदभाई चौथीपर्यंत एका वर्गात होते, त्यामुळे दोघांत अरेतुरे. हमीदभाईंची साखर आणि पत्ती त्यांच्याकडून यायची. हमाल शेठच्या दुकानात तंबाखू, काडेपेटी घेऊन पाचाला एक वायसर ठेवत. शेठ ते बिस्किटाच्या डब्यात टाकत आणि महिन्याला हमीदभाईंच्या साखरेच्या बिलात पाच-पाचने वळते करून घेत. वायसर हमीदभाईंच्या खिळ्यावरून निघून बाजार फिरून पुन्हा त्याच खिळ्यावर येई. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या फेऱ्याला चित्र काढून समजावतात. परतूरला तो बाकड्यावर बसून दिसत असे.

मग दूध महागले, साखर महागली आणि हमीदभाईंनी चहा सात रुपयांना केला. जुन्या वायसरांचे काय, असे लोकांनी विचारले. हमीदभाई म्हणाले, "वायसर चहाचा दिला होता. चहाच मिळंल." एका दिवसात बाजारातल्या प्रत्येक वायसराची किंमत दोन रुपयांनी वाढली. हमालांनी वायसर खर्चायचे थांबवले आणि जवळच्या नोटा काढायला सुरुवात केली. रुपयापेक्षा वायसर टिकाऊ ठरला.

बंडूशेठ डबा घेऊन आले तेव्हा मी तिथेच होतो.

"घे हमीद. सात-सातनं लाव बिलात."

"शेठ, तू पाचानं घेतले. पाचानंच लावत आलो ना आपन?"

"तवा चहा पाचाला होता. आता बाजारात वायसर कितीला चालून राह्यला, विचार कोणाला बी."

"बाजारानं चालवला. मी बोल्लो होतो का चालवा म्हनून? माझ्याकडं वायसराचा चहा मिळतो. बस. पी. सगळा डबा पी."

"मला शुगर हाय. तुला म्हाईत हाय."

"मंग बिनसाखरंचा करतो. दोन रुपये तुझे वाचले, साखर माझी वाचली."

बाकडी हसली. चार माणसे कमी हसली असती तर पुढचे झाले नसते, असे मला आजही वाटते. शेठ डबा उचलून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला: अमुक इसम धातूची बेकायदा नाणी काढून बाजारात चालवतो. तो अर्ज कोणीतरी मोबाइलवाल्या बातमीदाराला दाखवला. त्याने तिरप्या एचवर कॅमेरा रोखून परतूरमध्ये टाकसाळ सापडल्याचे जाहीर केले. व्हिडिओ जालन्यापर्यंत पोचला. मिलिंदचा फोन आला, "साहेब, चाचाला ठाण्यात बोलावलंय. तुमी येता का?"

मी पोचलो तेव्हा हमीदभाई बाकावर बसले होते. ठाण्याचे निरीक्षक सरळ माणूस. त्यांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक शेठचा अर्ज. दुसरा हमीदभाई आणि जैबुनभाभींच्या पासपोर्टच्या पडताळणीचा.

इथे थोडे सांगितले पाहिजे. दोघांनी हजला जायचे ठरवले होते. हजचे अर्ज सुटतात तेव्हा हातात पासपोर्ट लागतो. त्याच्यासाठी पोलिसांचा शेरा लागतो, संबंधितावर गुन्हा नाही असा. हजसाठी ते बरीच वर्षे पैसे बाजूला टाकत आले होते. भाभींचे गुडघे गेले होते. गल्ल्यावरून उठताना त्या आता खांब धरत. डॉक्टरांनी सांगितले होते की चालायचे ते लवकर चालून घ्या. यंदा अर्ज गेला नाही तर हमीदभाई पुढे कधी जाऊ शकले असते, भाभी नाही.

"गुन्हा दाखल केला तर पासपोर्ट अडकतो," निरीक्षक म्हणाले. "नाही केला तर हा व्हिडिओ वरच्या साहेबांनी पाहिलाय. तुम्हीच सांगा."

मी कार्यालयात बातमी कळवली. जिल्ह्याच्या बातमीची पद्धत अशी: आरोप एका बाजूचा असेल तर दुसरी बाजू घ्यायची, आणि कायद्याचा मुद्दा असेल तर तो एका वाक्यात सांगायचा. मी लिहिले होते की चलन काढण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. डेस्कवरच्या उपसंपादकांनी फोन केला.

"त्याला नाही, हे कळलं. मग कोणाला आहे?"

"सरकारला."

"कोणत्या सरकारला? राज्य की केंद्र? की रिझर्व्ह बँक? अधिकाऱ्याला विचारा आणि एक वाक्य द्या. 'सरकार' हे वाक्य नाही."

ते बरोबर होते. मी निरीक्षकांना विचारले. ते म्हणाले, "आमच्याकडं नकली नोटांचं कलम आहे. असली कोण काढतं ते आमच्याकडं नाही." नायब तहसीलदारांना विचारले. त्यांनी पंखा मोठा केला आणि सांगितले की हा महसूलचा विषय नाही. तरी विचारलेच आहे म्हणून, जिल्हाधिकाऱ्यांना असेल बहुतेक. बँकेचे व्यवस्थापक मात्र खुलले. "छापतात ते वरचे. पण पैसा वाढतो आमच्याकडं," ते म्हणाले. "एखाद्याला कर्ज मंजूर केलं की मी त्याच्या खात्यात आकडा जमा करतो. तो आकडा घेऊन तो ट्रॅक्टर आणतो. नोट कुठं छापली? हे लिहू नका, लोक उगाच घाबरतात."

शेवटी परतूरच्या कोर्टातल्या एका वकिलांनी कपाटातून कायदा काढला. उत्तर असे. संविधानात कामांच्या याद्या आहेत. चलन आणि नाणी केंद्राच्या यादीत आहेत, म्हणून त्यावर कायदा फक्त संसद करते. राज्याला अधिकार नाही, जिल्हाधिकाऱ्यांना तर नाहीच. संसदेने दोन वाटा केल्या आहेत. नाणी पाडणे आणि एक रुपयाची नोट हे केंद्र सरकारचे, म्हणजे वित्त मंत्रालयाचे काम, टाकसाळी त्याच्याच. दोन रुपयांपासून पुढच्या नोटा रिझर्व्ह बँक काढते, त्यांचा नमुनाही केंद्र सरकार मंजूर करते. सरकारची नाणी लोकांपर्यंत पोचवायची तीही रिझर्व्ह बँकेनेच. आणि ज्याला अधिकार नाही त्याने धातूचा तुकडा पैसा म्हणून वापरायचा नाही, अशी स्पष्ट मनाई.

"पुठ्ठ्यावर राहिले असते तर मी दोन तास भांडलो असतो," वकील म्हणाले. "लोखंड नडलं."

हे मी हमीदभाईंना सांगितले. ते वडिलांच्या गल्ल्याबद्दल सांगू लागले.

"अब्बाच्या गल्ल्यात दोन डबे असायचे. एकात निजामाचा हाली रुपया, दुसऱ्यात इंग्रजाचा कलदार. गिऱ्हाईक कोन्ता देतो ते पाहून डबा उघडायचा. मंग निजाम गेला, चार-सा वर्सांनी हालीबी गेला. अब्बाच्या डब्यात उरलेले तसेच राह्यले." मग म्हणाले, "मी पैसा काढला न्हाई, पेपरवाले. मी चहा काढला. लोकांनी त्याचा पैसा केला."

निरीक्षकांनी मधला मार्ग दिला. आठवडी बाजारापर्यंत सगळे वायसर परत घ्यायचे, ठाण्यात जमा करायचे, आणि बाजारात एकही उरला नाही असा जबाब द्यायचा. शेठचा अर्ज मिटला तर पडताळणीवर ते सही करतील. न मिटला तर गुन्हा.

हमीदभाईंना जबाबापेक्षा वेगळी चिंता होती. हजची नियत केली की आधी देणी फेडायची, लोकांकडे जाऊन चुकीची माफी मागायची, अशी रीत आहे. बाजारात फिरणारा प्रत्येक वायसर हे त्यांच्या अंगावरचे देणे होते. त्यांनी सांगावा दिला की बाजाराच्या दिवशी वायसर आणा आणि चहा प्या. कोणी पैसे मागितले तर सात रुपयेसुद्धा देऊ. मिलिंद म्हणाला, "चाचा, सगळे एकदम आले तर दूध कुठून आणायचं?" बँकेवर अशी वेळ आली की तिच्या दारात रांगा लागतात आणि तिला रिझर्व्ह बँक पैसा पुरवते. हमीदभाईंच्या मागे फक्त दूधवाला होता.

पण खरा प्रश्न दुधाचा नव्हता, शेठच्या डब्याचा होता. शेठ चहा पिणार नव्हते, बाकड्यांच्या त्या हसण्यानंतर सात रुपये मागायलाही येणार नव्हते आणि हमीदभाई स्वतःहून त्यांच्या पायरीशी जाणार नव्हते. बाजाराच्या आदल्या दिवशी जैबुनभाभी गेल्या. गल्ल्यावरून उठून भरल्या मोंढ्यातून चालत जाताना त्यांना लोकांनी पहिल्यांदाच पाहिले. मी आणि मिलिंद मागे होतो. शेठच्या दुकानापुढे मालाचा ट्रक लागलेला, हमाल पोती उतरवत होते. भाभी पायरीखाली थांबल्या.

"शेठ, हज को जानेका इरादा है. आपका जो निकलता सो बोलो. देके जाती."

शेठ उभे राहिले. "भाभी, आधी वर या. बसा."

"पहले बोलो."

"काय निकलतं माझं? काही निकलत न्हाई. सोडलं मी सगळं. जा तुमी सुखानं."

"नको." हा शब्द भाभींनी मराठीत वापरला. "खैरात नको. हक है आपका. दो रुपये का झगडा है, दो रुपये भी लेव. नहीं तो चाय पियो."

ट्रकवरचा एक म्हातारा हमाल पोते पाठीवर असतानाच म्हणाला, "शेठ, तुमाला शुगर हाय, आमाला न्हाई." कोणी हसले नाही. शेठनी फळीवरून बिस्किटाचा डबा काढला आणि त्या हमालाच्या पुढ्यात ठेवला.

"मोंढ्यातल्या सगळ्यांना वाटा. उद्याचा चहा माझ्याकडून. पन एकानं बी वायसर घरी न्यायचा न्हाई, तिथंच द्यायचा." मग भाभींकडे वळून, "आता झालं का बराबर?"

"झालं," भाभी म्हणाल्या, आणि मग पायरीवर बसल्या. चढायला त्यांना जमलेच नसते.

बाजाराच्या दिवशी हमीदभाईंच्या दारात रांग होती, पण गोंधळ नव्हता. हमाल पाळीपाळीने येत होते, एक टोळी पिऊन गेली की दुसरी. कोणी सांगितले नव्हते. पोती उतरवायची सवयच तशी असते. एकावर एक पडून चालत नाही. दूध दुपारी संपले तेव्हा न्हावी आणि पानवाला म्हणाले, आम्ही उद्या येतो. शेठही आले. त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, तोंड वाकडे केले आणि ठाण्यात जाऊन गैरसमजातून अर्ज दिल्याचे लिहून दिले. पैसे एकानेही मागितले नाहीत.

दोन दिवसांनी वायसरांच्या तारा ठाण्यात जमा झाल्या. लेखनिक हवालदाराने जबाब तयार केला. शेवटचे वाक्य होते: बाजारात आता एकही वायसर शिल्लक नाही. हमीदभाईंनी पेन हातात घेतले आणि खाली ठेवले.

"साहेब, एक हाय."

निरीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले. "कुठे?"

"कलाबाईकडं. केळीवाली. मी मागायला गेल्तो. देत न्हाई म्हनते."

"एकानं काय होतं? करा सही."

"हजला चाललो, साहेब. खोट्यावर सही करून कसा जाऊ?"

मिलिंदने कपाळाला हात लावला. निरीक्षकांनी टोपी घातली. आम्ही सगळे बाजारात गेलो: निरीक्षक, हवालदार, हमीदभाई, मिलिंद आणि मी. कलाबाई मोंढ्याच्या तोंडाशी हातगाड्यावर केळी विकायची. साठीची बाई, आवाज मोठा. निरीक्षक गाड्याखाली वाकून पाहू लागले.

"केळी वर हायेत, साहेब."

"मावशी, वायसर कुठाय?"

"चाकाच्या बोल्टाला. चाक निघून चाललं होतं, हा घातला तवा बसलं. काढायचा आसंल तर काढा, पन तवर गाडा तुमी धरा."

चाकाच्या नटामागे तिरपा एच अर्धा दिसत होता. बाकीच्यावर वंगण होते.

"याच्यावर चहा मिळतो?" निरीक्षकांनी विचारले.

"मला मिळतो. दुसऱ्याला कसा मिळंल? चाक काढून कोन देईल कोनाला?"

हमीदभाई पुढे झाले. "कलाबाई, तुझं देनं राह्यलंय माझ्यावर. आत्ता चल, चहा पी. न्हाईतर माफ केलं म्हन."

"माफ बी करत न्हाई आन् आत्ता पीत बी न्हाई. तू जाऊन ये. माघारी आला की पिईन."

"आन् न आलो तर?"

"म्हनूनच ठिवलाय," कलाबाई म्हणाली आणि गिऱ्हाइकाला केळी मोजून द्यायला वळली.

हमीदभाईंनी हळू आवाजात विचारले, "थांबशील ना? तुझ्या खुशीनं?"

"थांबते की. कुठं जाते मी गाडा सोडून."

घेणेकऱ्याने खुशीने मुदत दिली तर जायला हरकत नाही, असे त्यांना मशिदीतून सांगितलेले होते. ते ठाण्याकडे चालू लागले. निरीक्षकांनी हवालदाराला शेवटचे वाक्य खोडून नवे लिहायला लावले: एक वायसर हातगाडीच्या चाकाला बसवलेला आढळला, बाकी सर्व जमा, हातोहात फिरणारा एकही नाही. ते वाचून दाखवल्यावर हमीदभाई म्हणाले, "ह्ये बराबर हाय," आणि सही केली. पडताळणीच्या कागदावर निरीक्षकांनी त्यांच्यासमोरच शेरा मारला.

माझी बातमी जिल्हा पानावर तळाशी आली, दहा-बारा ओळींची. अधिकार कोणाचा, ते वाक्य उपसंपादकांनी शब्दही न बदलता घेतले होते. ते अजूनही मला बिनचूक वाटते. रांगेतले हमाल, पायरीखाली उभ्या भाभी, चाकाचा बोल्ट हे सगळे जागेअभावी गेले होते. मी त्याबद्दल डेस्कशी भांडलो नाही. बातमी तेवढीच होती. उरलेले कुठे छापायचे असते, हे आमच्या धंद्यात कोणी शिकवत नाही.

त्या वर्षी त्यांचे नाव हजच्या सोडतीत निघाले. भाभी काही वाट चाकाच्या खुर्चीवर, काही पायी, पण जाऊन आल्या. आता हमीदभाईंच्या गल्ल्यावर मोबाइलने पैसे घेण्याची पाटी आहे आणि कोणी पैसे भरले की एक डबी मोठ्याने रक्कम सांगते. सुट्या पैशांचा प्रश्न राहिला नाही. मिलिंदने तो पंच फेकून दिला.

निवृत्त झाल्यावर मी एकदा परतूरला गेलो होतो. बाकड्यावर बसलो असताना कलाबाई आली, रस्त्याकडेच्या आपल्या गाड्याच्या चाकाकडे बोट दाखवले, चहा घेतला, प्याली आणि निघून गेली.

"माघारी आलो त्याच दिवशी पिऊन गेली," हमीदभाई म्हणाले. "वायसर काढू दिला न्हाई. तवापासून त्याच्यावरच पिऊन राह्यली."

मी विचारले, "मग हिशेब?"

गल्ल्यावरून भाभी म्हणाल्या, "चाक तो चल रहा ना अभी."